रतामवृक्षाखालची भाकर

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८, लूक ८:४९-५६, प्रेषितांची कृत्ये २७:३३-४४



एलीया संदेष्ट्याचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे कर्मेल डोंगर उभा राहतो. ती बारा धोंड्यांची वेदी, तो आकाशातून उतरलेला अग्नी, ते बआलाचे साडेचारशे संदेष्टे, हे सारे शब्बाथशाळेतील लहान मुलांनाही तोंडपाठ असते. परंतु लगेच पुढच्या अध्यायात हाच वीर पुरुष आपणांस निराळ्या स्थितीत भेटतो. ईजबेल राणीचा निरोप आला आणि त्याचे धैर्य खचले. त्याने आपल्या चाकराला बैर-शेबा येथे मागे ठेवले, एक दिवसाची वाट रानात एकटाच चालला, एका रतामवृक्षाखाली बसला आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे त्याने देवाजवळ मागितले. मग तो तेथेच झोपी गेला.

ज्याच्या घरी कर्करोगाचा रिपोर्ट आला आहे त्याला ह्या रतामवृक्षाची सावली चांगली ओळखीची आहे. एका कागदावरच्या दोन ओळी वाचून कालपर्यंत कामावर जाणारा मनुष्य आज भिंतीकडे तोंड करून निजतो. ताट समोर येते आणि तसेच परत जाते. शेजारीपाजारी येतात, हळू आवाजात बोलतात, आणि जाताना प्रत्येक जण एक सल्ला ठेवून जातो. हे खाऊ नको, ते बंद कर, अमुक पाला वाटून घे, अंथरुणावरून हलू नको. उधना, भेस्तान, पांडेसरा, सचिन ह्या भागांत नंदुरबार, धुळे, जळगावकडून पोटासाठी आलेली आपली कितीतरी कुटुंबे राहतात. बारा तासांच्या पाळ्या आणि एका खोलीचा संसार. अशा घरात हा आजार शिरला म्हणजे दोन प्रश्न रोज उभे राहतात : ह्याने आता काय खावे? आणि ह्याने आता पडून राहावे की हिंडावे फिरावे?

हे डॉक्टरांचे प्रश्न आहेत, मंडळीत त्यांचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. एलीयाजवळ देवाचा दूत आला तेव्हा त्याने प्रथम उपदेश केला नाही. तुझा विश्वास कोठे गेला, असेही विचारले नाही. त्याने त्याला स्पर्श केला आणि उठून खावयास सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचे भांडे होते. होरेब डोंगरावर देवाने त्याच्याशी संभाषण केले ते पुढे, चाळीस दिवसांनंतर. आधी भाकर, मग वाट, मग वाणी, असा हा क्रम आहे. ह्या क्रमातून आज आपण चार गोष्टी शिकू या.

पहिली गोष्ट : भाकर ही देवाची देणगी आहे, तिला औषधाच्या जागी बसवू नये.

एलीयाने भाकर खाल्ली म्हणून ईजबेल मेली नाही. संकट होते तेथेच राहिले. भाकरीने त्याला चालण्याचे बळ दिले, एवढेच तिचे काम होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात हेच दिसते. तारवावर दोनशे शहात्तर माणसे, चौदा दिवसांचे वादळ, आणि भीतीने कोणी नीट अन्न घेतलेले नाही. पौल त्यांस अन्न घेण्याची विनंती करतो व तुमच्या जगण्यासाठी ह्याची गरज आहे असे समजावतो. मग सर्वांसमक्ष भाकर घेऊन तो देवाचे उपकार मानतो, ती मोडतो आणि स्वतः खाऊ लागतो. वादळ त्या जेवणाने शमले नाही. तारू तर पुढे फुटलेच. परंतु पोटात अन्न गेलेली ती माणसे कोणी पोहून, कोणी फळ्यांवर बसून किनाऱ्याला लागली. कर्करोगाच्या रुग्णाचे जेवण हे असे तारवावरचे जेवण आहे. शस्त्रक्रिया, औषधे, किरणे ह्या लाटांतून पार जाण्याचे बळ त्याने येते.

जे लोक अन्नाने किंवा पाल्याने गाठ विरघळेल असे सांगून रुग्णाला दवाखान्यापासून परत फिरवतात, ते त्याला तारवातून भर समुद्रात उतरवतात. २०१८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा रोग दूरवर पसरलेला नव्हता आणि ज्यांच्यावर नेहमीचे उपचार होऊ शकत होते, अशा २८१ रुग्णांनी ते नाकारून केवळ पर्यायी उपाय धरले होते. उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. बंधूंनो, ह्या आकड्याच्या मागे माणसे आहेत, त्यांची मुलेबाळे आहेत.

उपचार घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, असे कोणी सांगू लागला तर त्याला हिज्कीया राजाची गोष्ट वाचावयास सांगा. हिज्कीयाने अश्रू ढाळून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि मग यशयाने त्याच्या गळवावर अंजिराची चकती बांधावयास लावली. प्रार्थना ऐकणाऱ्या देवाला चकतीचे वावडे नव्हते. ख्रिस्ताच्या प्रीतीने प्रेरित झालेल्या माणसांनीच मिरजेला डॉ. वानलेस ह्यांच्या हातून आणि वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर ह्यांच्या हातून रुग्णालये उभारली. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. अहमदाबादची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट १९७२ पासून काम करीत आहे. ह्या दारांशी जाणारा मनुष्य देवाकडे पाठ फिरवून जात नाही.

दुसरी गोष्ट : देवाने खावयास सांगितले, आपण उपाशी ठेवू नये.

याईराच्या घरची गोष्ट आठवा. बारा वर्षांची मुलगी मरणातून उठली. आईबाप थक्क होऊन उभे. अशा आनंदात त्या मुलीच्या भुकेचे भान कोणाला राहिले? एकट्या प्रभू येशूला. तिला काही खावयास द्या, असे त्याने सांगितले. मरणावर सत्ता चालवणारा प्रभू स्वयंपाकघराची आठवण करून देतो! येथे प्रत्येक कुटुंबाने थांबून विचार करावा, कारण आपल्या पुष्कळ घरांत बाईचे ताट शेवटी वाढले जाते. धन्याला, मुलांना, पाहुण्यांना झाले, मग उरलेसुरले तिला. तीच जेव्हा आजारी पडते तेव्हाही तिची ही सवय सुटत नाही, आणि घरच्यांच्याही ते ध्यानी येत नाही. तिचे ताट आधी वाढा. ही प्रभूची आज्ञा समजा.

काय वाढावे? उपचार चालू असता शरीराला नेहमीपेक्षा अधिक प्रथिने लागतात. आहारतज्ज्ञ साधारणतः वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिने सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, पेलाभर दुधातही जवळपास तेवढीच. तेव्हा नुसत्या साबुदाण्याच्या पेजेवर किंवा चहा-बिस्किटावर हा हिशेब पुरा होत नाही हे उघड आहे. डाळ, दही, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, मोड आणून नीट शिजवलेली कडधान्ये ही आपल्याच बाजारातील वस्तू आहेत. महागड्या डब्यातील पावडर डॉक्टरांनी सांगितल्यास घ्यावी. परंतु ती परवडत नाही म्हणून कोणी खचू नये.

तोंड आले असेल तर तिखट ठेचा व कोरडी भाकरी गिळवत नाही. तेव्हा मऊ मुगाची खिचडी, दहीभात, वरणात कुस्करलेली पोळी, नाचणीची आंबील, पातळ शिरा असे द्यावे. मळमळ होत असेल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे. फोडणीचा वास सोसत नसेल तर अन्न कोमट करून आणावे. औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून पाणी उकळून गार केलेले, अन्न ताजे व पुरते शिजवलेले असावे. गाडीवरचे उघडे पदार्थ, कापून ठेवलेली फळे, बाहेरची चटणी त्या दिवसांत नकोच. ताप १००.४ अंशांपर्यंत गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयास कळवावे. ज्यांच्या तोंडाची किंवा घशाची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना काही काळ नाकातील नळीने अन्न द्यावे लागते. पुष्कळांना त्याची लाज वाटते. बंधूंनो, रतामवृक्षाखालची भाकर आणि नळीतून जाणारे ते पातळ अन्न एकाच दात्याकडून येते. त्यासाठीही उपकारस्तुती करून मगच ते द्यावे.

एक समजूत आपल्यात फार पसरली आहे. साखर, भात, पोळी बंद केली म्हणजे गाठ उपाशी मरते, असे सांगतात. खरी गोष्ट अशी की शरीरातील सर्वच पेशी साखर वापरतात. बाहेरून मिळाली नाही तर शरीर आपल्याच स्नायूंतून ती तयार करते. म्हणजे गाठ उपाशी राहत नाही, मनुष्य मात्र झिजतो. मिठाया व गोड पेये कमी करावीत, मधुमेह असेल त्याने डॉक्टरांचे ऐकावे. परंतु वजन उतरत असलेल्या माणसाच्या हातातील भाकरी काढून घेऊ नये.

उपवासाविषयीही दोन शब्द सांगतो. प्रार्थनासाखळी सुरू होते आणि रुग्ण स्वतःच उपवास धरावयाचा हट्ट करतो. उपचारांच्या काळात डॉक्टरांना विचारल्यावाचून त्याने तसे करू नये. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला मान्य असलेला उपवास सांगितला आहे. त्यात भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे येते. तेव्हा उपवास आपण धडधाकट लोकांनी करावा आणि आपल्या त्या एका वेळच्या अन्नाची किंमत, अंडी व दूध ह्यांच्या रूपाने, रुग्णाच्या घरी पोहोचवावी. असा उपवास देवाला आवडेल.

तिसरी गोष्ट : भाकर चालण्यासाठी दिली होती.

दूत एलीयाकडे दोनदा आला. पहिल्यांदा खाऊन तो पुन्हा निजला, आणि दूताने त्याला निजू दिले. दुसऱ्यांदा उठवताना मात्र पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे म्हणून खा, असे कारण सांगितले. विसावा हवाच, परंतु विसावा म्हणजे मुक्काम नव्हे.

आपल्याकडे माया म्हणजे रुग्णाला पलंगावरून पाय खाली ठेवू न देणे. ह्या मायेने कित्येकांचे नुकसान होते. पडून राहिल्याने स्नायू गळतात, भूक मंदावते, मन अंधारते. कर्करोगाचा थकवा हा नुसत्या विश्रांतीने जात नाही. हलक्या, नियमित चालण्याने तो कमी होतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने कर्करोगाच्या रुग्णांसाठी मार्गदर्शन केले : आठवड्यातून तीन वेळा तीस-तीस मिनिटे, जरा श्वास वाढेल असे चालणे किंवा तत्सम व्यायाम, आणि दोन वेळा स्नायूंना बळ देणारा हलका व्यायाम.

२०२५ च्या जून महिन्यात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील ८८९ रुग्ण, मोठ्या आतड्याचा कर्करोग, शस्त्रक्रिया व औषधे पूर्ण झालेली. अर्ध्यांना आहार व व्यायामाची माहिती देणारी पुस्तिका दिली. उरलेल्यांना तीन वर्षेपर्यंत व्यायामासाठी प्रत्यक्ष मार्गदर्शक दिला. तो भेटे, विचारी, उत्तेजन देई. व्यायाम काही पहिलवानकीचा नव्हता. पुष्कळांनी भरभर चालणेच पसंत केले. आठ वर्षांनी पाहिले तेव्हा मार्गदर्शक असलेल्यांपैकी शंभरात सुमारे नव्वद जिवंत होते, आणि केवळ पुस्तिका मिळालेल्यांपैकी सुमारे त्र्याऐंशी. हा निष्कर्ष एका प्रकारच्या कर्करोगाविषयी आहे, उपचार पूर्ण झाल्यानंतरचा आहे. तो सर्वांना सरसकट लावू नये. परंतु त्यातील एक गोष्ट आपल्या मंडळीने मनावर कोरून ठेवावी. कागदावरची माहिती दोघांनाही मिळाली होती. फरक पडला तो सोबत चालणाऱ्याने.

तेव्हा डॉक्टरांना विचारून आरंभ करावा. हाडांत रोग असेल, रक्त फार कमी असेल, ताप असेल, चक्कर येत असेल तर त्यांच्या परवानगीवाचून नको. परवानगी असेल तर प्रथम घरातल्या घरात पाच मिनिटे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग थोडे अधिक. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या भगिनींना भिंतीवर बोटांनी हात हळूहळू वर चढवण्याचा व्यायाम शिकवतात. तो केला नाही तर खांदा आखडतो. तोंडावर किरणे घेतलेल्यांना जबडा उघडण्याचा व्यायाम सांगतात. तो टाळला तर पुढे घास जाण्याइतकेही तोंड उघडत नाही. हे व्यायाम कंटाळवाणे असतात. नामानाला यार्देनेत सात वेळा बुडी मारणे असेच क्षुल्लक वाटले होते. काही मोठे करावयास सांगितले असते तर त्याने केले असते. सोपे, रोजचे, कोणाला न दिसणारे करणे त्याला जड गेले. पौलाने तीमथ्याला शरीराच्या कसरतीचा उपयोग मर्यादित आहे असे लिहिले हे खरे. पण उपयोग नाही असे त्याने लिहिलेले नाही.

चौथी गोष्ट : आहार-व्यायामाचे नवे नियमशास्त्र करू नये.

येथे एक पाश आहे. चांगली सवय लवकरच जोखड बनते. आज भजे खाल्ले, आता रोग उलटणार. आज चालायला गेलो नाही, आता माझे काही खरे नाही. असे रुग्ण स्वतःला खाऊ लागतो. कलस्सैच्या मंडळीला पौलाने ह्याच विषयी सावध केले होते : हे शिवू नको, ते चाखू नको, अशा नियमांनी तारण होत नाही. वैद्यकीय ज्ञानही येथे नम्रता शिकवते. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या ३,०८८ स्त्रियांपैकी काहींना भरपूर भाज्या, फळे आणि फार कमी स्निग्ध पदार्थ असा आहार सांभाळावयास लावला. २००७ मध्ये निष्कर्ष आला : सुमारे सात वर्षांत त्यांच्यात रोग परत येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी झाले नाही. ह्यावरून भाजी सोडावी असे नव्हे. उपचार संपल्यावर डाळी, भाज्या, ज्वारी-नाचणीसारखी धान्ये, कमी तळण, मर्यादित मांस, दारू वर्ज्य, वजन आटोक्यात, हे सर्व शरीराच्या हिताचेच आहे. परंतु पालेभाजीत आपले तारण शोधू नये. आपले जीवन ताटात नाही, ते ख्रिस्ताबरोबर देवामध्ये गुप्त ठेवलेले आहे.

ह्याच नियमशास्त्राची दुसरी बाजू म्हणजे दोष देणे. भेटायला येणारा विचारतो, तुम्ही काय खात होता म्हणून हे झाले? जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही कोणाचे पाप, असे विचारले होते, आणि प्रभूने त्या प्रश्नाचे दारच बंद केले. कर्करोग कधी काही न चुकलेल्यालाही होतो.

मात्र तंबाखूविषयी गप्प बसणे ही प्रीती नव्हे. तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री, विडी ह्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध आहे. तंबाखू नसलेल्या सुपारीलाही २००४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक पदार्थांत धरले आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील शंभरांपैकी जवळजवळ एकोणतीस प्रौढ तंबाखू वापरीत होते. गुजरात व महाराष्ट्र दोन्ही राज्यांनी २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात मावा धरणारे हात आपल्या बाकांवरही जोडलेले दिसतात. रोग झाल्यावर सोडून काय उपयोग, असे म्हणू नका. तेव्हा सोडले तरी जखमा लवकर भरतात, उपचार अधिक लागू पडतात आणि दुसरा कर्करोग होण्याचा धोका घटतो. ज्याला हे सोडवत नाही त्याला धोंडा मारू नका. त्याच्याबरोबर गुडघे टेका आणि त्याला डॉक्टरकडे न्या.

आता मंडळीने काय करावे? एलीयाच्या उशाशी भाकर आपोआप आली नव्हती. ती कोणीतरी निखाऱ्यावर भाजली होती. देवाने त्या रानात दूत पाठवला. भेस्तानात तो आपणांस पाठवीत आहे.

भेटीस जाणाऱ्याने सल्ल्याऐवजी प्रश्न न्यावा : आज घशाखाली काय उतरेल? जे उत्तर येईल ते शिजवून आणावे. भगिनीमंडळाने वार वाटून घ्यावेत. सोमवारी एक घर, गुरुवारी दुसरे. जेथे बाई आजारी आहे तेथे तिच्या मुलांचा डबाही न्यावा, म्हणजे ती स्वतःचे ताट त्यांच्यापुढे सरकवणार नाही. तरुणसंघातील एकाने रोज संध्याकाळी अर्धा तास रुग्णाबरोबर चालावे. पाळी बदलली तर दुसऱ्याने जागा घ्यावी. परळला जाणे म्हणजे रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटर. तेथे रुग्णाला एकटे पाठवू नये. मुंबईत मुक्कामाची अडचण असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा पुष्कळ वर्षे कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा देत आली आहे. तेथे आधी चौकशी करावी. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून प्रभूकडे नेले. त्या चौघांची नावेही शास्त्रात नाहीत, परंतु प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एलीयाची गोष्ट कर्मेलावर संपवू नये. रतामवृक्षापर्यंत मुलांना न्यावे. देवाचा मोठा सेवकही खचतो आणि देव त्याला रागे भरत नाही, हे ज्या मुलाने सात वर्षांचे असताना ऐकले, ते पुढे आपल्या बापाच्या अंथरुणाशी बसताना घाबरणार नाही. आणि वरच्या वर्गातील मुलांशी मावा-सुपारीविषयी स्पष्ट बोलावे. पहिली पुडी ह्याच वयात हाती येते.

शेवटी एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक रुग्ण बरा होत नाही. काहींच्या वाटेवर अशी वेळ येते की डॉक्टर उपचार थांबवावयास सांगतात. मग भूक आपोआप मावळते. तो शरीराचा दिवस सरल्याचा भाग असतो. घरच्यांच्या मायेत काही उणे पडले असे नव्हे. अशा वेळी घास कोंबू नका, जेवत नाही म्हणून रडून त्याला अपराधी करू नका. चमचाभर पाणी, ओठ ओले करणे, हात हातात धरणे, स्तोत्र हळू म्हणणे, आणि त्याची इच्छा व शुद्ध असेल तर पाळकांना बोलावून प्रभुभोजन. ती एवढीशी भाकरदेखील प्रवासासाठीच असते. पुढची वाट आपल्याही शक्तीबाहेरची आहे. परंतु जो ती स्वतः चालून गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला, तोच सोबत येतो.

एलीया त्या भाकरीच्या बळावर चाळीस दिवस व चाळीस रात्री चालला आणि देवाच्या डोंगरास पोहोचला. भाकरीचा हेतू नुसते अधिक दिवस जगणे हा नव्हता. देवाला भेटणे हा होता. ज्या बंधुभगिनी आज ह्या आजाराच्या वाटेवर आहेत त्यांनी हे धरून ठेवावे. तुम्ही खाल्लेला प्रत्येक घास, गल्लीच्या टोकापर्यंत टाकलेले प्रत्येक पाऊल, हे होरेबाच्या दिशेने आहे, मग ती वाट चाळीस दिवसांची असो की चाळीस वर्षांची. आणि आपण जे निरोगी आहोत, आपल्या घरातील चूल पेटलेली आहे. निखारा आहे, पीठ आहे. कोणाच्या उशाशी भाकर ठेवावयाची, ते ह्या आठवड्यातच ठरवू या.

हे स्वर्गीय पित्या, जे रतामवृक्षाखाली निजले आहेत त्यांस तू स्पर्श कर. त्यांच्या तोंडाला चव दे, पायांना बळ दे. डॉक्टर, परिचारिका व सेवा करणाऱ्या सर्वांच्या हातांस आशीर्वाद दे. आमच्या मंडळीस भाकर भाजणारी आणि सोबत चालणारी मंडळी कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.